ॲस्ट्रोसॅट : आपल्याकडे एवढा काळोख असताना दुर्बीण वर कशाला न्यायची? मुलांना कसं समजावू?

विज्ञानबाई_मालवण

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. मी मालवण तालुक्यातल्या एका हायस्कूलला विज्ञान शिकवते. जानेवारीत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे आणि आठवीच्या चार मुलांनी हट्टच धरलाय की ह्या वेळी ज्वालामुखी नको, पवनचक्की नको, ॲस्ट्रोसॅट करायचा, म्हणजे इस्रोचा दुर्बिणी घेऊन फिरणारा उपग्रह. मला तर आनंदच झाला. थर्माकोलचं मॉडेल दोन दिवसांत उभं राहिलं, सोलर पॅनेलला निळा जिलेटीन पेपर, दुर्बिणींना औषधाच्या बाटल्यांची झाकणं, सगळं अगदी मनापासून केलंय पोरांनी.

माहितीचा तक्ताही झाला. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-३० रॉकेटने उडाला, वजन साधारण १५०० किलो, ६५० किलोमीटर उंचीवरची कक्षा, अतिनील किरणांची दुर्बीण, एक्स-रेची वेगवेगळी उपकरणं वगैरे वगैरे. पाठ पण झालं त्यांचं. पण परवा सराव घेत होते तेव्हा एक मुलगा, त्याचे वडील रापणीला जातात, तो मला म्हणाला, "बाई, हंय इतको काळोख आसा, तारे इतके दिसतत, मगे दुर्बीण वर कित्याक व्हरूची?" मी म्हटलं बाळा वातावरण किरण अडवतं म्हणून. तर शेजारची मुलगी म्हणते, "पण बाई एक्स-रे तर आरपार जातो ना, माझा हात मोडलेला तेव्हा मांसातून जाऊन हाड दिसलं, मग मांसातून जातो आणि हवेतून का जात नाही?"

खरं सांगते, मी गप्प झाले. उद्या सांगते म्हटलं आणि घरी येऊन पुस्तकं काढून बसले, पण सगळीकडे एकच वाक्य, "वातावरण क्ष-किरण शोषून घेते". का आणि कसं ते आठवीच्या पोराला पटेल असं कुठेच नाही. आणि तिसरा प्रश्न माझा स्वतःचा, एकाच उपग्रहावर एवढ्या सगळ्या दुर्बिणी का कोंबल्या, वेगवेगळे पाठवले असते तर चाललं नसतं का? परीक्षक नक्की विचारणार. कोणी जाणकार असेल तर साध्या शब्दांत सांगा, आमच्या मुलांच्या रोजच्या बघण्यातलं उदाहरण देता आलं तर फारच बरं.

कुडाळ_रेडिओग्राफर

बाई नमस्कार. मी बावीस वर्षं एक्स-रे काढतोय, खगोलशास्त्रातलं मला विशेष काही कळत नाही पण त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या रोजच्या कामातलं आहे म्हणून लिहितो. तिला आधी शाबासकी द्या, कारण माझ्याकडे येणारी मोठी माणसं पण हा विचार करत नाहीत.

एक्स-रे आरपार जातो म्हणजे सगळाच्या सगळा जात नाही. छातीचा फोटो काढताना जेवढे किरण पेशंटवर पडतात त्यातले अगदी थोडेच पलीकडच्या प्लेटपर्यंत पोचतात, बाकीचे शरीरातच अडतात. म्हणून तर अंगाने भरलेला माणूस आला की आम्हाला केव्ही, म्हणजे ट्यूबचं व्होल्टेज, वाढवावा लागतो, नाहीतर फोटो पांढराफटक येतो. आणि हे कधी, तर माणूस एक-दीड वीत जाड असताना. आता हवेचं बघा. हवा विरळ आहे हे खरं, पण आपल्या डोक्यावर ती किती उंचपर्यंत आहे! सगळी मिळून वजन केलं तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो हवा भरते. तेवढंच वजन पाण्याचं धरलं तर दहा मीटर पाणी, म्हणजे जवळजवळ तेहतीस फूट. मुलांना सांगा, तुमच्या घरची विहीर तेहतीस फूट पाण्याने तुडुंब भरलीय आणि आपण सगळे तिच्या तळाला उभे आहोत, वरून कोणी एक्स-रे मारला तर खाली काय येणार? काहीच नाही. एक वीत मांसातून जाणारा किरण दहा मीटर पाण्यातून नाही जात.

आणखी एक. सगळे एक्स-रे सारख्या ताकदीचे नसतात. आमच्या ट्यूबच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचा दोन-अडीच मिलिमीटरचा पत्रा असतो, तो मुद्दाम लावलेला असतो, कारण जे कमी ताकदीचे किरण आहेत ते कातडीतच अडकतात, फोटोला उपयोग शून्य आणि पेशंटला उगाच डोस, म्हणून ते त्या पत्र्यातच गाळून टाकायचे. असले मऊ किरण एवढ्याशा पत्र्यात संपतात तर सगळ्या हवेतून काय येणार. ॲस्ट्रोसॅटवरची एक दुर्बीण मऊ एक्स-रेची आहे असं वाचलं होतं, ते हेच असावेत, कोणी सांगेल का?

शाळेला हवी असेल तर हाताची एक जुनी फिल्म देतो, नाव-गाव काढून टाकलेली. प्रदर्शनात मॉडेलशेजारी खिडकीच्या काचेवर लावा.

पुण्यातला_रत्नांग्रीकर

काका काय सुंदर सांगितलंत, विहिरीचं उदाहरण मी आता कायमचं उचललं. हो, बरोबर, ती एसएक्सटी, सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप, ०.३ ते ८ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे (हे किरणांची ताकद मोजायचं एकक) किरण पकडते, म्हणजे तुमच्या पत्र्यात गाळले जाणारेच बहुतेक.

बाई, मी मूळचा रत्नागिरीचा, पुण्यात एमएस्सी करतोय आणि प्रोजेक्ट ॲस्ट्रोसॅटच्या डेटावरच होता, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. लांब लिहिणार आहे, चालवून घ्या.

आधी त्या मुलाचा प्रश्न. त्याला सांगा की तुझं म्हणणं डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापुरतं अगदी खरं आहे, काळोख हवाच आणि आपल्या किनाऱ्यावर तो अजून शिल्लक आहे. पण अतिनील आणि एक्स-रे यांच्यासाठी काळोख-उजेडाचा प्रश्नच येत नाही, ते खाली येतच नाहीत. एक्स-रेचं काकांनी सांगितलं. अतिनीलचं असं की साधारण ३०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश ओझोन खाऊन टाकतो आणि २०० च्या खाली गेलं की साधा ऑक्सिजनच पुरतो. दुपारी समुद्रावर खेळून पोरं रापतात ना, ते ओझोनच्या चाळणीतून सुटलेल्या थोड्याशा अतिनीलमुळे. ॲस्ट्रोसॅटची अतिनील दुर्बीण, यूव्हीआयटी, बनवलीय १३० ते १८० आणि २०० ते ३०० नॅनोमीटरसाठी, म्हणजे नेमका तो भाग जो इथे पोचतच नाही. देवगडच्या कड्यावर ठेवा नाहीतर हिमालयात ठेवा, तिला मिट्ट काळोखच दिसणार.

पूर्वी टीआयएफआरची, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, माणसं हैदराबादहून मोठमोठे फुगे सोडायची, चाळीसेक किलोमीटर वर, त्यातून जोरदार एक्स-रे थोडे मिळायचे, पण काही तासच. १९७५ च्या आर्यभट्टवरही, आपल्या पहिल्या उपग्रहावर, एक्स-रेचं उपकरण होतं, पण वीजपुरवठा बिघडला आणि पाच दिवसांच्या आतच प्रयोग थांबवावे लागले. म्हणजे ॲस्ट्रोसॅटमागे चाळीस वर्षांची धडपड आहे बाई, हे तक्त्यावर जरूर लिहा. आणि मुलांना हेही सांगा की त्यावरची एक्स-रे उपकरणं मुख्यतः कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये घडली, अगदी समुद्राला लागून आहे ती संस्था, आपलाच अरबी समुद्र. यूव्हीआयटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि इतरांबरोबर केली, कॅनडाने तिचे डिटेक्टर दिले.

आता एकाच उपग्रहावर सगळं का. माझा प्रोजेक्ट जीआरएस १९१५+१०५ नावाच्या कृष्णविवरावर होता, गरुड तारकासमूहात आहे. शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ते ओढून घेतं, ते द्रव्य भोवती चकतीसारखं फिरतं, आतला भाग लाखो-कोटी अंश तापतो आणि एक्स-रे देतो. अशा जोड्यांमध्ये बाहेरचा भाग तेवढा तापलेला नसतो, तो अतिनील आणि साधा प्रकाश देतो. आणि हे सगळं स्थिर नसतं हो, सेकंदासेकंदाला बदलतं, माझ्या ग्राफमध्ये कधी कधी हृदयाच्या ठोक्यासारखी लाट यायची, काकांना ईसीजीच वाटला असता. आता समजा एका उपग्रहाने आज एक्स-रे मोजले आणि दुसऱ्याने पुढच्या आठवड्यात अतिनील, तर दोन्हीचा मेळ कसा लावणार? वारा सोमवारी मोजला आणि लाटा बुधवारी, मग सांगा बघू कुठल्या वाऱ्याने कुठली लाट उठली. म्हणून सगळ्या मुख्य दुर्बिणी एकाच दिशेला तोंड करून एकाच वेळी बघतात. हीच ॲस्ट्रोसॅटची खरी करामत आहे, परीक्षकांनी विचारलं तर मुलांनी दुसरं काही नाही सांगितलं तरी चालेल पण हे सांगावं.

एक अनुभव सांगतो. पहिल्यांदा डेटा उघडला तेव्हा ग्राफ छान चाललेला आणि मध्येच सपशेल शून्य. परत सुरू, परत शून्य. मला वाटलं काहीतरी जबरदस्त सापडलं, कृष्णविवर बंद पडतंय आणि चालू होतंय! रात्रभर झोपलो नाही. सकाळी सरांना दाखवलं तर त्यांनी शांतपणे विचारलं, उपग्रह पृथ्वीभोवती किती वेळात फिरतो? साधारण ९८ मिनिटांत. मग मधे कोण आलं? पृथ्वी आली, दुसरं कोण. प्रत्येक फेरीत ते कृष्णविवर पृथ्वीआड जातं. तेव्हापासून ग्राफ बघायच्या आधी मी घड्याळ बघतो.

बंदरावरचो

बाई, सगळा वाचलंय, लय बरा वाटला. माझी ट्रॉलर असा, मालवण बंदरात. मराठीतच लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. माझे दोन प्रश्न. एक, हा उपग्रह आम्हाला समुद्रातून दिसेल का? रात्री डेकवर पडलं की उपग्रह जाताना खूप दिसतात, त्यातला ॲस्ट्रोसॅट कुठला ते कळलं तर पोराला दाखवीन. दुसरा, हा खराब हवामानात काय करतो? वर वादळ नसतं का काही?

पुण्यातला_रत्नांग्रीकर

दादा, दोन्ही प्रश्न एकदम नेमके आहेत.

ॲस्ट्रोसॅटची कक्षा विषुववृत्ताला फक्त ६ अंशांनी कललेली आहे, म्हणजे तो ६ अंश उत्तरेच्या वर कधी येतच नाही आणि मालवण आहे १६ अंशांवर. त्यामुळे तो आपल्या डोक्यावरून कधीच जात नाही. हिशेब केला तर मालवणहून तो जास्तीत जास्त दक्षिणेला, क्षितिजापासून तेवीस-चोवीस अंश वर येऊ शकतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की जेवढं होतं त्याहून थोडं जास्त. तेव्हाही अंतर साडेतेराशे किलोमीटरच्या घरात असतं. तुम्ही जे चकचकीत जाताना बघता त्यात आयएसएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक, असेल, तो ४०० किलोमीटरवर आणि प्रचंड मोठा. ॲस्ट्रोसॅट नुसत्या डोळ्यांना दिसेल असं धरून चालू नका. पण पोराला दक्षिणेकडे बोट करून नक्की सांगा की दर पावणेदोन तासांनी तो तिकडून, आपल्या उजवीकडून डावीकडे, कन्याकुमारीच्याही खालून जातो.

वादळाचं म्हणाल तर ब्राझील आणि दक्षिण अटलांटिकच्या वर एक जागा आहे, तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमजोर असल्यामुळे विद्युतभारित कणांचा पट्टा खूप खाली उतरतो. तिथे उपग्रह शिरला की उपकरणांवर कणांचा नुसता मारा होतो. कक्षा विषुववृत्ताजवळ ठेवण्याचं मोठं कारण हेच, ती जागा जास्तीत जास्त टाळता यावी. तरी कडेने जावंच लागतं, म्हणून उपग्रहावर सीपीएम नावाचं छोटं उपकरण आहे, ते फक्त कण मोजत बसतं, आकडा वाढला की इशारा मिळतो आणि बाकीच्या उपकरणांचा हाय व्होल्टेज उतरवला जातो.

बंदरावरचो

म्हणजे बंदरावर तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा लागला की आम्ही होड्या आत घेतो तसंच झालं की. कळलं, एकदम कळलं.

पुण्यातला_रत्नांग्रीकर

अगदी तेच दादा! बाई, बावट्याचं हे तक्त्यावर घ्याच.

आणि दादा, तुमच्या कामाची एक गोष्ट राहिलीच. त्या पीएसएलव्हीवर ॲस्ट्रोसॅटबरोबर आणखी सहा परदेशी छोटे उपग्रह होते, चार अमेरिकेचे, एक इंडोनेशियाचा, एक कॅनडाचा. कॅनडाचा जो होता तो जहाजांचे एआयएस सिग्नल, म्हणजे जहाज स्वतःची ओळख आणि जागा सांगतं ते, वरून ऐकण्यासाठीच होता. म्हणजे एकाच रॉकेटमधून एक कृष्णविवरं बघायला गेला आणि एक बोटी बघायला.

आरोंदा_ते_अमेरिका

छान चर्चा. ॲस्ट्रोसॅट म्हणजे नासाची हबल अंतराळ दुर्बीण आहे ना, तसा आपला हबलच आहे, मुलांनी हेच ठळक लिहावं. फक्त एक शंका, पाच वर्षांसाठीच होता ना? मग अजून चालू आहे का?

पुण्यातला_रत्नांग्रीकर

दादा, भावना समजते, पेपरवाले पण मिनी हबल लिहितात, पण मी असतो तर मुलांना तसं लिहू दिलं नसतं, कारण त्याने दोघांवर अन्याय होतो. हबलचा आरसा २.४ मीटरचा, यूव्हीआयटीचे दोन आरसे जेमतेम ३८ सेंटीमीटरचे, बारकाव्यात बरोबरी होऊच शकत नाही. पण यूव्हीआयटी एका वेळी आकाशाचा जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा तुकडा बघते, हबल त्याचा अगदी लहानसा भाग बघतो. आणि हबलकडे एक्स-रेची उपकरणंच नाहीत.

उलट एक गोष्ट अशी आहे जिथे आपली छोटी दुर्बीण पुढे गेली. हबलने ज्या तुकड्याकडे कितीतरी दिवस टक लावून बघितलं होतं त्याच तुकड्यात ९३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या एका दीर्घिकेचा अतिनील प्रकाश यूव्हीआयटीला सापडला. आयुकाच्या कनक साहा यांच्या गटाचं काम. ऑक्टोबर २०१६ मध्ये २८ तासांहून जास्त निरीक्षण, मग जवळजवळ दोन वर्षं खात्री करण्यात गेली आणि ऑगस्ट २०२० मध्ये नेचर ॲस्ट्रॉनॉमीत छापून आलं. तो प्रकाश निघाला तेव्हा फारच जोरदार अतिनील होता, विश्व प्रसरण पावत गेलं तसा तोही वाटेत ताणला गेला आणि यूव्हीआयटीच्या टप्प्यात आला. हबलला का नाही सापडला तर त्याच्या डिटेक्टरमध्ये स्वतःची खरखर जास्त होती, यूव्हीआयटीची फारच कमी, ती एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, मोजते. रात्री पंखा बंद केल्यावर लांबची गाज ऐकू येते ना, तसं. मला विचाराल तर ॲस्ट्रोसॅटचं सगळ्यात भारी काम हेच.

चालू आहे का म्हणाल तर हो, सप्टेंबर २०२५ ला दहा वर्षं पूर्ण झाली, ठरल्यापेक्षा दुप्पट. सगळं धडधाकट आहे असं नाही. यूव्हीआयटीतला २०० ते ३०० वाला भाग २०१८ मध्ये बंद पडला. एलएएक्सपीसी म्हणून झेनॉन वायू भरलेली तीन मोठी एक्स-रे खोकी आहेत, त्यातल्या एकाचा वायू गळून गेला आणि दुसरंही नीट वागत नाही, सगळा भार आता एकावर. पण ते एक खोकं एवढं कामाचं आहे की माझा अख्खा प्रोजेक्ट त्याच्यावरच झाला.

विज्ञानबाई_मालवण

मंडळी तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. आज वर्गात विहिरीचं सांगितलं तर ती मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे बाई उपग्रह विहिरीच्या काठावर बसलाय!" मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण आता मुलांना पुढचं हवंय. एक्स-रे आरपार जातो तर आरशावरून परत कसा फिरतो, आरशातून पण आरपारच जाईल ना? आणि मॉडेलवर आम्ही सीझेडटीआय नावाचा एक चौकोनी डबा केलाय, त्याला आरसाही नाही आणि भिंगही नाही, मग तो दिशा कशी ओळखतो?

पुण्यातला_रत्नांग्रीकर

बाई तुमच्या वर्गात येऊन बसावंसं वाटतंय.

आरशाचं असं. चपटा दगड पाण्यात सरळ खाली टाकला तर बुडतो, पण तोच अगदी तिरका, पाण्याला जवळजवळ समांतर मारला तर टप्पे घेत जातो, हे तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा चांगलं येत असेल. एक्स-रेचं तसंच, समोरून आला की आरशात घुसतो, पण अंशभर किंवा त्याहून कमी कोनात घासत आला की वर उसळतो. म्हणून एसएक्सटीचा आरसा वाटीसारखा नाही, तो नळीसारखा आहे, ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे सोन्याचा मुलामा देऊन एकात एक बसवलेले, कांद्याचे पापुद्रे असतात तसे. किरण त्या फटींतून घासत जातात आणि दोन मीटर मागे एका बिंदूवर जमतात. तिथे जो सेन्सर आहे तो उणे ८० अंशांना थंड ठेवतात.

पण फार जोरदार एक्स-रे असेल तर तो घासूनही उसळत नाही. त्याच्यासाठी सीझेडटीआय. दिवाळीच्या सुमाराला तुमच्याकडे खळं सारवून वर झापांचा, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचा, माटव घालतात ना? दुपारी त्या माटवाखाली उभं राहा, शेणाने सारवलेल्या जमिनीवर उजेडाचे ठिपके पडलेले असतात. सकाळी ते एका बाजूला, संध्याकाळी दुसऱ्या बाजूला. आता समजा मान वर करायला बंदी आहे, नुसती जमीन बघायची, तरी ठिपके किती सरकले यावरून सूर्य कुठे आहे ते तुम्ही सांगाल की नाही? सीझेडटीआयच्या डोक्यावर असाच भोकं पाडलेला टँटलम धातूचा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आहे आणि खाली जमिनीच्या जागी १६,३८४ पिक्सेल. भोकांची नक्षी मुद्दाम वेडीवाकडी ठेवलेली असते, कारण सारख्या अंतरावर भोकं असतील तर सावली एक घर सरकली काय आणि दोन घरं सरकली काय, दिसायला सारखीच, मग दिशा कशी ओळखणार.

हे मुलांना करून बघता येईल, खर्च काहीच नाही. जाड पुठ्ठ्याला मनाला येईल तशी भोकं पाडा, खाली पांढऱ्या कागदावर चौकटी आखा, खोली अंधारी करून एकाने कुठूनही टॉर्च मारायचा आणि दुसऱ्याने फक्त कागद बघून टॉर्च कुठे आहे ते सांगायचं. मग एकदम दोन टॉर्च मारा. परीक्षक थर्माकोलपेक्षा ह्याच्यापुढे जास्त वेळ थांबतील, मी लिहून देतो.

त्या डब्याचं आणखी एक, ते मला फार आवडतं. १०० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढचे किरण त्या डब्याच्या भिंतीतूनही आत शिरतात. दुसऱ्या कोणी त्याला दोष म्हटलं असतं, पण त्यामुळेच आकाशात कुठेही बाजूला गॅमा किरणांचा स्फोट झाला तरी सीझेडटीआयला चाहूल लागते. असे स्फोट म्हणजे मोठे तारे कोसळतात किंवा न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात तेव्हाचे. २०२३ च्या शेवटापर्यंत सहाशेच्या वर असे स्फोट त्याने टिपलेत.

कुडाळ_रेडिओग्राफर

मी एक विचारू का? हा डेटा आपल्यासारख्यांना बघायला मिळतो का? माझी मुलगी बीएस्सीला आहे, फिजिक्स.

पुण्यातला_रत्नांग्रीकर

मिळतो काका, फुकट. २०१८ पासून इस्रोने तो सगळ्यांना खुला केलाय. निरीक्षण करणाऱ्यांचा राखून ठेवलेला काळ संपला की बंगळुरूजवळ ब्याळाळूला इस्रोचं डेटा केंद्र आहे, त्यांच्या वेबसाइटवर नाव नोंदवून कोणीही उतरवून घेऊ शकतं. आयुकात मदतीसाठी वेगळा कक्ष आहे, सॉफ्टवेअर कसं चालवायचं त्याची माहितीपत्रकं आहेत. फक्त फाइली मोठ्या असतात. मी सुट्टीत रत्नागिरीला गेलो होतो तेव्हा घरच्या नेटवर एक फाइल तीन वेळा ऐंशी टक्क्यांवर तुटली, शेवटी मित्राच्या दुकानात रात्री बसून उतरवली. मुलीला म्हणावं सुरुवात क्रॅब नेब्युलापासून, म्हणजे खेकडा तेजोमेघापासून, कर, ठळक आहे, चुकायला होत नाही.

विज्ञानबाई_मालवण

पुठ्ठ्याचा प्रयोग आज केला!! वर्गाच्या खिडक्यांना गोणपाट लावलं, पहिल्यांदा सगळ्या पोरांचं चुकलं कारण टॉर्च फार जवळ धरला होता, ठिपके सगळीकडे पसरले. मग टॉर्च पार फळ्याजवळ नेला आणि तो रापणीवाल्यांचा मुलगा, जो मागच्या बाकावर गप्प बसतो, त्याने सलग सात वेळा बरोबर सांगितलं, डोळे कागदावरून न काढता. दोन टॉर्चचं पण जमलं त्याला.

क्रॅब नेब्युला म्हटल्यावर वर्गात एकच गलका, "बाई कुर्ली! आकाशातली कुर्ली!" आता त्यांना ती बघायचीच आहे. शाळेत चार इंची दुर्बीण आहे, धूळ खात पडलेली, ती पुसली. दिसेल का?

पुण्यातला_रत्नांग्रीकर

दिसेल बाई, आणि आत्ता डिसेंबरात तर हाच मोसम. रात्री नऊनंतर वृषभ चांगला वर आलेला असतो. रोहिणी लाल दिसते, तिथून बैलाची दोन शिंगं निघतात, खालच्या म्हणजे दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाला जो तारा आहे त्याच्या अगदी शेजारी, जेमतेम एका अंशावर. चार इंचीतून धुरकट डाग दिसेल, पुस्तकातल्यासारखी लाल-निळी कुर्ली दिसणार नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होणार नाही. पण त्या डागाच्या पोटात काय आहे तेही सांगा. इ.स. १०५४ मध्ये चिनी लोकांनी तिथे भर दिवसा दिसणारा तारा नोंदवला होता, तो फुटलेला तारा. मधोमध उरलाय न्यूट्रॉन तारा, तो सेकंदाला तीस वेळा गरगरतो. ॲस्ट्रोसॅटच्या सीझेडटीआयने त्याच्या एक्स-रेची कंपनं कुठल्या दिशेला आहेत ते मोजलं आणि ती प्रत्येक फेरीत कशी बदलतात ते दाखवलं, २०१७ मध्ये छापून आलंय. त्यांचा पुठ्ठ्याचा डबा आणि हा डाग, दोन्हीचं नातं असं आहे.

आणि एप्रिल-मे मध्ये आंबे उतरवायच्या दिवसांत रात्री उशिरा वृश्चिक दाखवा. ज्येष्ठेच्या वर, साधारण एका मुठीच्या अंतरावर बोट ठेवा. डोळ्यांना तिथे काही दिसणार नाही, पण सूर्य सोडला तर आपल्या आकाशात एक्स-रेने सगळ्यात जास्त झगमगणारी जागा तीच. १९६२ मध्ये एका रॉकेटवरच्या उपकरणाला ती अचानक सापडली, चंद्राचे एक्स-रे शोधायला गेले होते. त्या एका उड्डाणापासून हा सगळा विषय सुरू झाला आणि रिकार्दो जाक्कोनींना २००२ चं नोबेल मिळालं.

बंदरावरचो

बाई, बंदरावर नको हां, हायमास्ट रात्रभर जळतो, आम्ही तीनदा अर्ज दिला, कोणी बंद करत नाही, वर बघितलं की डोळेच दिपतात. पोरांका घेऊन तळाशिलाक जावा, एका बाजूक खाडी, दुसऱ्या बाजूक दर्या, थंय दिवे कमी आसत. शनिवारी माझी गाडी रिकामी आहे, दुर्बीण आणि पोरं दोन फेऱ्यांत सोडतो. स्वेटर घाला म्हणावं, खाडीवरून वारा येतो.